दाराजवळची पट्टी

आमच्या शाळेत वर्गात तीन बस्करपट्ट्या अंथरतात. एक खिडकीजवळ, एक मधे आणि एक दाराजवळ. आर्णीपासून नऊ किलोमीटरवरची ही जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते पाचवी, पोरं पस्तीस, शिकवणारे दोघे. मी तिथे खिचडी शिजवते, चौदा वर्षं झाली. माझ्या स्वयंपाकाच्या खोलीची जाळी पद्मजा मॅडमच्या वर्गाकडे उघडते. तांदूळ निवडता निवडता मला सगळं ऐकू येतं, आणि बरंचसं दिसतंही.

खिडकीच्या पट्टीवर हुशार पोरं, मधल्या पट्टीवर बरी, दाराजवळ बाकीची. हे कुठे लिहून लावलेलं नाही. पण पहिलीतल्या पोराला विचारा, ते बोट दाखवून सांगेल. दार जवळ म्हणून पाण्याची कळशी दाराजवळचीच पोरं भरून आणतात. कोणी साहेब आला तर खुर्ची तीच आणतात. आणि खिचडी उतरली की मी ताटं मांडायला हाक मारते, तेव्हा तीच उठतात. चांगली कामाची पोरं, असं मीही म्हणायची.

माझी नात दिपाली साडेचार वर्षं त्या पट्टीवर बसली.

मॅडम वाईट बाई नाहीत, हे आधीच सांगते. त्या यवतमाळच्या. वडील ऑफिसातून रिटायर झालेले, घरात सगळे शिकलेले. रोज आर्णीहून स्कूटीवर वेळेवर येतात, पोरांना मारत नाहीत, स्वतःच्या पैशाने रंगाच्या पेट्या आणतात. गणिताच्या तासाला त्या फळ्यावर दहा गणितं लिहितात आणि रोज तेच सांगतात. "पहिली चार सगळ्यांनी. पुढची सहा खिडकीच्या पट्टीने." दाराजवळची पोरं चार सोडवून पाटी खाली ठेवतात आणि हाताची घडी घालून बसतात. कोणाला झेपणार नाही ते कोणावर लादायचं नाही, हा मॅडमचा चांगुलपणा.

पोस्टमास्तर यज्ञेश्वररावांचा पियूष खिडकीच्या पट्टीवर पहिला. त्याला मॅडमनी काही विचारलं आणि तो अडला, तर मॅडम थांबायच्या. मूठभर तांदळातले खडे काढून होत, तरी त्या थांबलेल्या असत. मग पहिलं अक्षर सांगायच्या, मग पुन्हा थांबायच्या. दाराजवळच्या पोराला विचारलं तर माझा हात सुपापर्यंत पोचायच्या आत "बस खाली" व्हायचं. मला हे दिसत होतं. मला वाटायचं, शिकवायची रीतच अशी असेल.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या निरक्षर माणसांची यादी आली. त्यात माझं नाव होतं, मैनाबाई. एक शिकवणारा नेमून दिला होता, तो एकदा येऊन माझी सही म्हणून अंगठा घेऊन गेला, पुन्हा दिसला नाही. मला शिकवलं ते दिपालीने. तेव्हा ती तिसरीत होती. तिचा बाप कपिल, म्हणजे माझा मुलगा, वणीकडे राजूरला कोळशाच्या कामावर. तो आणि सून तिकडे एका खोलीत राहतात, धाकटा पोरगा त्यांच्याजवळ. घरी मी आणि ही.

तिने मला पुस्तकावर नाही, तांदळाच्या पोत्यावर शिकवलं.

"रोज पोतं उघडतं, अन् त्याच्यावर काय लिवलं ते मालूम नाई तुले? तांदूळ हाय का युरिया हाय, कसं समजते?"

"वासानं."

"मंग घे वास अन् वाच."

मी ओठ हलवत बसायची. ती थांबायची. घाई करायची नाही, हसायची नाही. चुकले तर म्हणायची, "जवळ आलती तू. आणखी एक डाव पाह." एका अक्षरासाठी ती इतका वेळ थांबायची की चुलीवरचं दूध उतू जायचं. मी बासष्ट वर्षांची, ती आठ वर्षांची. सहा महिन्यांत मी पोतं वाचलं, मग एसटीची पाटी, मग किराण्याच्या पुडीचा कागद. पुढच्या मार्चमध्ये रविवारी शाळेत आम्हा म्हाताऱ्यांची परीक्षा झाली, मी पास झाले. साहेब आले, फोटो काढला. मला मॅडमच्या शेजारी उभं केलं आणि फोटोखाली लिहिलं, शिकवणाऱ्या शिक्षिका पद्मजा मॅडम. फोटो निघत होता तेव्हा दिपाली पाहुण्यांसाठी पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती. साहेब बाजूला हो म्हणाले, ती झाली.

दिपाली पाचवीत गेली त्या वर्षी दिवाळीच्या आधी शाळेच्या ओट्यावरच्या फळ्यावर एक कागद लागला. मी झाडू टेकून तो वाचला. सरकारी निवासी शाळेची प्रवेश परीक्षा. नंबर लागला तर सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, खाणं, पुस्तकं, सगळं फुकट. फॉर्मवर शाळेची सही हवी. शेवटची तारीख शुक्रवार. खाली पाचवीतली पाच नावं, पियूषचं पहिलं. दाराजवळच्या पट्टीवरचं एकही नाही.

मला त्या कागदाची गरज होती. आमच्या गावात पाचवीनंतर शाळा नाही, आणि कपिलने सांगून ठेवलं होतं की पाचवी झाली की पोरीला राजूरला नेतो. तिकडे दोघंही कामावर जातात, धाकट्याला पाहायला कोणी नाही. मी त्याला फोन लावला.

"नंबर लागला तं शिकू दे," तो म्हणाला. "नाई लागला तं मंग कायले, माय? घरातलं तरी सांभाळंन."

म्हणजे एवढीच वाट होती. त्या परीक्षेतून गेली तर पोरगी शिकणार, नाही तर दहाव्या वर्षी भावाला कडेवर घेऊन खोलीच्या दारात बसणार.

मी खिचडी उतरवून मॅडमकडे गेले. त्या हजेरी भरत होत्या.

"मॅडम, यादीत दिपालीचं नाव नाई जी."

"हो मावशी, मुद्दामच घातलं नाही. फार कठीण असते ती परीक्षा. मूल नापास झालं की खचतं. कशाला तिच्या डोक्याला ताप?"

"तिनं मले वाचाले शिकवलं."

मॅडम हसल्या. "अहो, तुम्ही हुशार होता म्हणून शिकलात."

इतक्या वर्षांत मला कोणी हुशार म्हटलं नव्हतं. म्हटलं ते असं, नातीच्या वाट्याचं काढून.

"एक डाव तिच्याकून वाचून तं घ्या. तुमच्याच समोर."

मॅडमनी तिला बोलावलं. ती ताटं धूत होती, हात फ्रॉकला पुसत आली. मॅडमनी पाचवीचं पुस्तक उघडून पुढे धरलं. "वाच बेटा." हाच धडा तिने मला आदल्या आठवड्यात, मी भाकरी थापत असताना, नक्कल करत वाचून दाखवला होता. तिने पुस्तकाकडे पाहिलं, मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग खाली फरशीकडे. ओठ हलले. मला ते ओठ हलणं कळत होतं, माझेही तसेच हलायचे. आणखी थोडा वेळ, एवढंच पाहिजे होतं.

"राहू दे," मॅडम मायेने म्हणाल्या. "जा बाळा."

ती गेली. गेली ती सुटल्यासारखी, पळत.

"पाहिलंत ना? आणि मावशी, हे मी एकटी म्हणत नाही." मॅडमनी कपाटातून एक जाड नोंदवही काढली, पानं उलटली. "थांबा, तुम्हाला वाचून दाखवते."

"द्या इकडं. मी वाचते."

त्यांनी वही दिली. मी बोट ठेवून वाचलं. दिपालीचं नाव, कपिलचं नाव, इयत्ता पहिली. त्याखाली होतं, पालकांचे म्हणणे. 'मुलगी डोक्याने मठ्ठ आहे. काही शिकेल अशी आशा नाही. सही करता आली तरी पुष्कळ.' त्याखाली मॅडमच्या अक्षरात, 'दाराजवळच्या गटात ठेवले. अपेक्षा बेताची.' दुसरीच्या पानावर, 'मागील वर्षाप्रमाणे.' तिसरीच्या पानावर तेच. चौथीच्या पानावर तेच.

आणि पहिल्या पानावर पालकांच्या सहीच्या जागी एक जांभळा अंगठा. माझा.

मी ते परत वाचलं. वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटण्याची वेळ माझ्यावर तेवढी एकदाच आली.

तो दिवस मला आठवत होता. जून महिना, नाव घालायला आम्ही दोघी आलो होतो. आमच्या पुढे यज्ञेश्वरराव पियूषला घेऊन उभे होते. "आमच्या पियूषला शंभरपर्यंत पाठ आहेत, मॅडम. इंजिनियर करायचंय," ते म्हणाले. पियूषने म्हणून दाखवलं. एकोणतीसवरून तो पन्नासवर गेला. मॅडमनी गाल ओढला आणि लिहिलं. मग आमची पाळी. दिपालीला तेव्हा कापूस वेचणाऱ्या बायांनी किती गाठोडी आणली, कोणाचं किती राहिलं, ते बोटं न मोडता सांगता यायचं. मी ते सांगितलं नाही. आमच्यात सांगत नाहीत. चांगल्या लेकराची तारीफ चारचौघांत केली की त्याला नजर लागते. माझ्या सासूने कपिलला सात वर्षं नावाने हाक मारली नाही, दगड्या म्हणायची. अंगाने भरलेल्या लेकराला मरतुकडं म्हणायचं, गोऱ्याला काळं. नवीन माणसापुढे तर अजूनच जपायचं. म्हणून मी ते म्हणाले, आणि जरा हसतच म्हणाले. आमच्या गावची कुठलीही बाई ते ऐकती, तर ओळखती की या म्हातारीचा पोरीवर फार जीव आहे.

मॅडम गावच्या नव्हत्या. त्यांनी ते लिहून घेतलं.

"मॅडम, ते तसं नसते जी," मी म्हणाले. "लेकराले नजर लागू नाई म्हणून म्हणतेत तसं. हुशार हाय म्हणूनच मठ्ठ म्हणलं मी."

मॅडम माझ्याकडे पाहत राहिल्या. "नजर?"

"हो."

"मावशी, तुम्ही बोललात, मी लिहिलं. तुम्ही उलटं बोलता हे मला कसं कळणार? आमच्या घरी नाही असं कोणी बोलत." त्यांचा आवाज चढला होता. "आणि मी काही फक्त त्या एका ओळीवर चालले नाही. साडेचार वर्षं मी स्वतः पाहतेय तिला."

"काय पाह्यलं?"

"म्हणजे?"

"तिले पाचवं गणित कवा देल्लं तुमी? चार झाले का ताटं मांडाले पाठवता. नाई, मीच बोलावते. माहीही चूक हाय. पण तुमी पाह्यलं काय?"

बाहेर पोरं ताटं वाजवत होती. मग मॅडमनी खण उघडला, फॉर्म काढला, नाव लिहिलं, सही केली, शिक्का मारला. शिक्का जोरात मारला.

"घ्या. शुक्रवारच्या आत आर्णीला जाऊन भरा. पण उद्या पोरगी नापास झाली की माझ्याकडे येऊ नका."

मी फॉर्म पदरात गुंडाळून घरी आणला. मला वाटलं, जिंकले.

दिपाली अंगणात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. मी फॉर्म दाखवला. तिने सगळा वाचला, पाठीमागूनही वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

"मी नाई जात."

"काहून?"

"ते खिडकीवाल्यायचं हाय."

"कोणाच्या बापाचं नाई ते. तू त्या पियूषपेक्षा दहापट हुशार हाय. मले वाचाले कोणं शिकवलं?"

ती शेंगा सोलतच राहिली. "तूच तं म्हणलं होतं मॅडमले. मठ्ठ हाय म्हणून."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"मी तुह्या मांगं उभी होती. तुहा पदर धरून. अंगठा देल्ला तू."

"अवं माय, ते नजर लागू नाई म्हणून."

"मंग आता नाई लागत का नजर?"

असं तिने विचारलं. टोमणा नव्हता तो, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तिला जवळ ओढलं, तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. काय सांगू? पाच वर्षं मी तिला नजरेपासून वाचवलं, आणि ज्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहायला पाहिजे होतं त्या डोळ्यांपासूनही.

शेवटी ती म्हणाली, "तू म्हणतं तं जाईन. तू रडू नको पण."

दोन महिने आम्ही अभ्यास केला. आर्णीहून जुन्या पेपरांचं पुस्तक आणलं. मी प्रश्न वाचायची, माझं वाचणं हळू, तोवर तिचं उत्तर तयार असायचं. "आजी, तुहा प्रश्न यायच्या आधी माहं उत्तर येऊन बसते," म्हणून हसायची. घरी ती एकही गणित सोडत नव्हती. घरी पट्ट्या नव्हत्या, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी समजले, पोरगी तयार झाली.

परीक्षेचं केंद्र दारव्ह्याला होतं. जानेवारीतला शनिवार. आम्ही काळीपिवळी जीपने गेलो, अकरा जणांत दाटून. फाटकापाशी पियूष भेटला. यज्ञेश्वरराव त्याला मोटरसायकलवरून घेऊन आले होते. "अरे, मैनाबाई! तुम्हीही?" ते म्हणाले. "चला, अनुभव मिळेल पोरीला."

दोन तास मी फाटकाबाहेर लिंबाखाली बसले. घंटा झाली, पोरं बाहेर आली. पियूष रडवेला होता, शेवटचे दहा प्रश्न राहिले म्हणून बापाला सांगत होता. दिपाली शांतपणे आली.

"झाली?"

"झाली."

"सोपी होती?"

"हो."

मला एवढा आनंद झाला की मी तिला बाजारात नेऊन भजी घेऊन दिली. जीपमध्ये मागच्या बाकावर जागा मिळाली. प्रश्नांची पुस्तिका पोरांना घरी नेऊ दिली होती, ती तिच्या मांडीवर होती. मी उघडली. पहिल्या पानावर प्रत्येक प्रश्नाला तिने उत्तराभोवती पेनने गोल केला होता. दुसऱ्या पानावरही. विसाव्या प्रश्नापर्यंत. पुढची सगळी पानं कोरी.

"बाकीचे उत्तराच्या कागदावर सोडवले का?"

"नाई."

"मंग?"

"ते आपले नव्हते."

जीप खड्ड्यातून गेली. मी पुढच्या बाकाला धरलं. "कोणं सांगतलं?"

"कोणी नाई. पह्यले सोपे होते, ते सगळ्यायचे. मंग कठीण लागले. ते खिडकीवाल्यायचे रायतेत." ती भजीचा कागद घडी करत होती. "मी पेन ठेवला. हाताची घडी घालून बसली."

"किती वेळ?"

"घंटी होईपर्यंत."

"तिथली बाई काही बोलली नाई?"

"बोलली ना." तिचा चेहरा जरा फुलला. "म्हणली, किती शाणी पोरगी हाय, गडबड नाई करत."

मी बाहेर पाहिलं. कापूस वेचून झालेल्या उभ्या पऱ्हाट्या, रिकामं रान. निकाल लागेल तेव्हा मॅडम काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येत होतं. वहीत काय लिहितील तेही वाचता येत होतं. 'मागील वर्षाप्रमाणे.' आणि कपिलचा फोन येईल, तेव्हा मी काय सांगणार होते?

मी पुस्तिका परत उघडली आणि बोट ठेवून एकविसावा प्रश्न वाचायला लागले. का वाचला, मला माहीत नाही. जीप हलत होती, अक्षरं हलत होती, मला वेळ लागला. मी अर्ध्यात होते तेव्हाच ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तिसरं उत्तर." मी बाविसावा वाचला. "पह्यलं." ते बरोबर की चूक, मला समजत नव्हतं. मला फक्त अक्षरं येतात.

मग मी तेविसावा वाचला. चाळीस मुलांना चार किलो तांदूळ लागतो, तर पासष्ट मुलांना किती लागेल?

"साडेसहा," ती म्हणाली.

हे मला येत होतं. चौदा वर्षं मी रोज हेच मोजते. साडेसहा.

मी पुस्तिका मिटली.

"काहून थांबली?" दिपालीने विचारलं. तिला वाटलं, मी पुढच्या अक्षराला अडले. तिने पुस्तिका माझ्या मांडीवर पुन्हा उघडली, माझं बोट धरून चोविसाव्या प्रश्नावर ठेवलं आणि घाई न करता, नेहमीसारखी, थांबून राहिली.